मागे फिरण्याचा नियम

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यान, छपाईसाठी किरकोळ दुरुस्त्या करून)



ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात गावच्या अग्निशमन तुकडीचा कप्तान निवडून आणतात. तुकडीची वार्षिक सभा भरते, सदस्य मतं देतात आणि कुणी मेंढपाळ, कुणी शाळेतल्या बाई, कुणी ट्रकचालक कप्तान होतो. त्याला पगार नसतो. पण आग लागली की कायद्यानं त्याच्या हाती मोठे अधिकार येतात. त्याला कुणाच्याही आवारात शिरता येतं, रस्ता बंद करता येतो, कुंपण तोडता येतं, जिथं पाणी असेल तिथलं घेता येतं. निवडणूक जिंकून एवढी ताकद मिळवणारा आणि त्याबद्दल एक दमडीही न घेणारा माणूस मला आपल्याकडे कुठल्याच पदावर दिसत नाही.

‘रूरल फायर सर्व्हिस’ या नावानं चालणाऱ्या त्या राज्याच्या दलात असे सुमारे सत्तर हजार स्वयंसेवक आहेत आणि दोन हजारांच्या आसपास तुकड्या. शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यात ‘कंट्री फायर ऑथॉरिटी’ आहे. तिथंही हजारो माणसं हेच काम विनामोबदला करतात. विषय निवडायची मोकळीक मिळाली तेव्हा मी हाच विषय मागून घेतला. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर गावाची कामं पदरमोड करून केली. अशा माणसांबद्दल आपण कृतज्ञतेनं बोलतो आणि बहुधा तिथंच थांबतो. मला त्याच्या पुढं जायचं आहे. फुकट राबणाऱ्या माणसाचं समाज काय देणं लागतो, हा माझा प्रश्न आहे. त्याचं उत्तर शोधायला आगीशी झुंजणाऱ्या गावांइतकी चांगली जागा नाही, कारण तिथं हिशेब चुकला तर माणूस जातो.

थोडा इतिहास सांगतो. न्यू साउथ वेल्समध्ये बेरिगन नावाचं गाव आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी १८९६ मध्ये वणवा विझवण्यासाठी स्वतःची तुकडी उभी केली. म्हणजे आधी माणसं जमली आणि कायदा त्यांच्यामागून आला. व्हिक्टोरियात मात्र कायदा येण्याआधी फार मोठी किंमत मोजावी लागली. १३ जानेवारी १९३९ हा दिवस तिथं ‘काळा शुक्रवार’ म्हणून ओळखला जातो. त्या उन्हाळ्यातल्या आगींत ७१ माणसं मेली, ६९ लाकूड-गिरण्या जळाल्या, सुमारे वीस लाख हेक्टर जमीन भाजून निघाली. न्यायाधीश लेनर्ड स्ट्रेटन यांनी चौकशी केली. त्यांच्यासमोर जे चित्र आलं ते आपल्याला अनोळखी वाटणार नाही. वन खात्याचं एक म्हणणं, पाणीपुरवठा मंडळाचं दुसरं, गुरं चारणाऱ्यांचं तिसरं, आणि गावोगावच्या तुकड्या आपापल्या परीनं धावणाऱ्या. ग्रामीण भागातल्या आगींसाठी एकच यंत्रणा असावी, ही त्यांची शिफारस महायुद्धाच्या धामधुमीत मागे पडली. १९४४ च्या उन्हाळ्यात पुन्हा आगी लागल्या, पुन्हा माणसं गेली, पुन्हा स्ट्रेटन यांनाच चौकशीला बसवलं. मग कुठं २ एप्रिल १९४५ रोजी कंट्री फायर ऑथॉरिटी कामाला लागली. गावोगावच्या तुकड्या मोडल्या नाहीत. त्यांना एका छताखाली आणलं, गाड्या दिल्या, रेडिओ दिला, प्रशिक्षण दिलं. कप्तान गावचाच राहिला.

आता हे दल प्रत्यक्षात काय करतं ते पाहू. चित्रफितींत आपल्याला ज्वाळा दिसतात, विमानातून पडणारं पाणी दिसतं. स्वयंसेवकाच्या वाट्याला त्यातलं फार थोडं येतं. त्याचा बराचसा वेळ आग विझल्यावरच्या कामात जातो. ज्वाळा बसल्या तरी ओंडक्यांच्या पोटात, मुळांच्या खाली, वाळलेल्या शेणात विस्तव राहतो. वाऱ्याची एक झुळूक आली की तो पुन्हा उठतो. म्हणून काळ्या पडलेल्या जमिनीवरून हे लोक तासन्‌तास ओळीनं फिरतात. हातात लांब दांड्याचं अवजार असतं, त्याच्या एका बाजूला दाते आणि दुसऱ्या बाजूला फावड्यासारखं पातं. ओंडका उलटायचा, खालची माती खरवडायची, पाणी मारायचं. मग हातमोजा काढून हाताची मागची बाजू मातीजवळ न्यायची. तळव्याची कातडी कामानं राठ झालेली असते, तिला ऊब उशिरा कळते; मागच्या कातडीला लगेच समजते. ऊब लागली की पुन्हा खणायचं. काठापासून आत काही मीटरांपर्यंत असं सगळं थंड झाल्याशिवाय तुकडी घरी जात नाही. या कामात शौर्याचं काहीच दिसत नाही, पण दुसऱ्या दिवशीचा वणवा इथंच टळतो.

याखेरीज रस्त्यावरचे अपघात, वादळात कोसळलेली झाडं, घरांच्या आगी हे सगळं आहेच. सुटीच्या दिवशी सकाळी गावच्या शेडमध्ये पंप सुरू करून पाहायचे, नळ्या धुऊन वाळवायच्या, बॅटऱ्या चार्ज करायच्या. तिथले मोठे बंब साधारण साडेतीन हजार लिटर पाणी नेतात, लहान गाड्या पाचशेच्या आसपास. त्यामुळं पाण्याचा थेंबन्‌थेंब मोजून वापरायची सवय अंगी बाणवावी लागते. नवीन आलेल्याला अंगावर काय घालायचं इथपासून शिकवतात: सुती, सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे, कातडी बूट, हेल्मेट, डोळ्यांवर चष्मा. नायलॉनचा शर्ट उष्णतेनं वितळून कातडीला चिकटतो. हे साधं ज्ञान आहे, आणि आपल्या डोंगरात आगीवर धावणाऱ्या पोरांना ते कुणीही दिलेलं नाही.

व्हिक्टोरियातल्या आगींचं एक वैशिष्ट्य समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. उन्हाळ्यातल्या सर्वांत वाईट दिवशी तिथं वाळवंटाकडून, म्हणजे वायव्येकडून, कोरडा आणि तापलेला वारा सुटतो. आग आग्नेयेकडे लांब, निमुळती धावत सुटते. तिचं तोंड अरुंद असतं, बाजू मात्र मैलोगणती लांब. बाजूंची आग हळू पसरते, म्हणून विझवणारे बाजूंवर काम करतात. मग दुपारी किंवा संध्याकाळी थंड हवेचा पट्टा येतो आणि वारा अचानक नैर्ऋत्येचा होतो. त्याबरोबर ईशान्येकडची ती लांबच्या लांब, शांत वाटणारी बाजू एका क्षणात आगीचं तोंड बनते. इतका वेळ सुरक्षित वाटणारी जागा आता आगीच्या थेट वाटेवर येते. १६ फेब्रुवारी १९८३ च्या ‘राखेच्या बुधवारी’ दोन राज्यांत मिळून ७५ माणसं गेली, त्यात अनेक स्वयंसेवक होते. बराच संहार वारा फिरल्यानंतरच झाला.

२ डिसेंबर १९९८ ला लिंटन गावाजवळच्या जंगलात तेच झालं. जिलाँग वेस्ट तुकडीचा बंब जंगलातल्या वाटेवर होता. वारा फिरला आणि आग थेट बंबावर आली. गाडीवरचे पाचही जण मृत्युमुखी पडले. पाचही स्वयंसेवक होते. त्याच वाटेवरचा दुसरा बंब जेमतेम वाचला.

लिंटननंतर काय झालं, त्यासाठी मी आज इथं उभा आहे. शोकसभा झाल्या, स्मारक झालं, पण प्रकरण तिथं मिटवलं नाही. राज्याच्या मृत्यू-चौकशी अधिकाऱ्यानं प्रदीर्घ चौकशी केली आणि २००२ मध्ये अहवाल दिला. ‘शूरवीर होते, हुतात्मा झाले’ एवढ्यावर थांबायला त्यानं नकार दिला. माणसं कुठं उभी होती, त्यांना तिथं कुणी पाठवलं, गाडीत पाणी किती होतं, वारा फिरणार हे कुणाला ठाऊक होतं आणि ते कुणापर्यंत पोचलं नाही, हे सगळं विचारलं. त्यातून नियम निघाले. किमान प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय कुणालाही आगीवर जायचं नाही, मग त्याला गावात किती का मान असेना. बंबातलं सगळं पाणी आगीवर कधीच मारायचं नाही. स्वतःला वाचवण्याइतकं राखून ठेवायचं. हवामानाची सूचना प्रत्येक गाडीपर्यंत पोचली की नाही याची खातरजमा करायची. आगीची बाजू आणि अडवणुकीची रेषा यांच्यामधला न जळलेला पट्टा, वारा फिरला तर मिनिटांत पेटेल असा, त्याला ते लोक ‘मेलेल्या माणसाचा पट्टा’ म्हणू लागले आणि तो कसा ओळखायचा हे प्रत्येक नव्या माणसाला शिकवू लागले. नव्या बंबांच्या केबिनभोवती पाण्याचे फवारे बसवले, आत उष्णता अडवणारे पडदे लावले.

यातला पाणी राखून ठेवण्याचा नियम मला विलक्षण वाटतो. समोर शेजाऱ्याचं घर पेटलेलं आहे, तुमच्या टाकीत पाणी आहे, आणि नियम सांगतो की उरलेल्या पाण्याला हात लावू नका, गाडी मागे घ्या. गावातल्या गावात हे करणं किती अवघड असेल! शेजारी दुसऱ्या दिवशी दुकानात भेटणार असतो. स्वयंसेवकाला हा निर्णय एकट्यानं घ्यायला लावणं क्रूरपणाचं आहे. म्हणून तो निर्णय संस्थेनं आधीच घेऊन ठेवला आहे. मागे फिरणाऱ्या कप्तानाला गावात कुणी भेकड म्हणू शकत नाही, कारण तो नियम पाळत असतो.

जपान हाच धडा अधिक भयंकर रीतीनं शिकला. तिथं ‘शोबोदान’ ही गावोगावची नागरी अग्निशमन पथकं आहेत. समुद्रकाठच्या गावांत त्सुनामीची सूचना आली की बंधाऱ्यांची दारं लावणं हे या पथकांचं काम. ११ मार्च २०११ ला ते दारं लावायला गेले, म्हाताऱ्यांना घेऊन टेकडीकडे निघाले, आणि तीन प्रांतांत मिळून शोबोदानचे २५४ जण मरण पावले वा बेपत्ता झाले. त्यानंतर अनेक ठिकाणी नियम झाला: लाट येण्याच्या अपेक्षित वेळेआधी इतकी मिनिटं उरली की दार उघडं असलं तरी सोडून निघायचं.

माणसाला अंगावर धोका घेऊ द्यायचा असेल, तर त्याला थांबवण्याची जबाबदारीही कुणीतरी घ्यावी लागते. स्वयंसेवी दलाची माझी व्याख्या हीच आहे. धावून जाणारी माणसं जगात सगळीकडे सापडतात. त्यांना मागे बोलावणारा नियम जिथं असतो तिथंच दल असतं.

नियमांबरोबर बाकीची देणीही येतात. ऑस्ट्रेलियाच्या २००९ च्या फेअर वर्क कायद्यानुसार आपत्कालीन सेवेतल्या स्वयंसेवकाला आगीवर जाण्यासाठी रजा मिळते. ती बिनपगारी असते, पण त्या कारणावरून मालकाला त्याला काढून टाकता येत नाही. न्यू साउथ वेल्समध्ये कामावर जखमी झालेल्या स्वयंसेवकाला भरपाई देण्यासाठी १९८७ पासून स्वतंत्र कायदा आहे. सद्‌हेतूनं केलेल्या कामात कुणाचं नुकसान झालं तर त्याला वैयक्तिकरीत्या जबाबदार धरत नाहीत, हेही कायद्यात लिहिलेलं आहे. या तरतुदी वाचायला रूक्ष वाटतात. पण ज्याला घरातून निघताना बायकोच्या डोळ्याला डोळा भिडवायचा असतो त्याच्या लेखी त्यांची किंमत फार मोठी आहे.

तरीही तिथं सगळं आलबेल आहे असं नाही. २०१९-२० च्या उन्हाळ्यात आगी महिनोन्‌महिने चालल्या. न्यू साउथ वेल्समध्ये पंचावन्न लाख हेक्टरांच्या आसपास क्षेत्र जळालं, जवळजवळ अडीच हजार घरं गेली. शेतं, दुकानं, छोटे धंदे सोडून आठवड्यामागून आठवडे आगीवर उभ्या राहिलेल्या माणसांची घरची चूल कशी चालायची? अखेर डिसेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारनं दिवसाला तीनशे डॉलरपर्यंत आणि एकूण सहा हजार डॉलरच्या मर्यादेत नुकसानभरपाई जाहीर केली. सगळ्याच स्वयंसेवकांना ती आवडली नाही. पैसे आले की स्वेच्छा गेली, असं काहींचं म्हणणं पडलं. मला ही भरपाई योग्य वाटते. पगार आणि बुडालेली मजुरी यांत फरक आहे. तो न करता सगळंच ‘सेवा’ म्हणून ढकलणं म्हणजे ज्याच्या घरी चार पैसे शिल्लक आहेत त्यालाच सेवेचा अधिकार देणं.

त्याच काळात सेलेस्ट बार्बर या विनोदी अभिनेत्रीनं मदतीचं आवाहन केलं आणि जगभरातून पाच कोटी डॉलरहून जास्त रक्कम जमा झाली. देणाऱ्यांना वाटत होतं की घरं गमावलेल्यांना, होरपळलेल्या प्राण्यांनाही त्यातून मदत मिळेल. पण पैसे जमा झाले होते ग्रामीण अग्निशमन तुकड्यांच्या साहित्यासाठी स्थापलेल्या न्यासात. मे २०२० मध्ये न्यू साउथ वेल्सच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की न्यासपत्रात लिहिलंय त्याबाहेर पैसे देता येणार नाहीत; मात्र मृत आणि जखमी स्वयंसेवकांच्या कुटुंबांना मदत आणि स्वयंसेवकांच्या शारीरिक-मानसिक आरोग्यासाठी खर्च त्यात बसतो. कित्येक देणगीदार हळहळले. पण मला यातून एक गोष्ट दिसते. आग डोळ्यांसमोर असते तेव्हा लोक भरभरून देतात. दलाला लागणारे पैसे मात्र आग नसलेल्या वर्षांत लागतात, टायर बदलायला आणि प्रशिक्षणाच्या जेवणाला. ते अंदाजपत्रकातूनच यावे लागतात.

माणसं कमी होत आहेत, ही चिंता तर जगभर आहे. अमेरिकेत १९८४ मध्ये सुमारे नऊ लाख स्वयंसेवक अग्निशामक होते, २०२० मध्ये ते पावणेसात लाखांवर आले. तरुण शहरात कामाला जातात, गावात दिवसा माणूसच नसतो. जर्मनीत दहा लाखांच्या आसपास स्वयंसेवक आहेत, पण पुरेसे मिळाले नाहीत तर नगरपालिकेला सक्तीनं माणसं नेमण्याचा अधिकार आहे. हा अधिकार क्वचितच वापरला जातो. पण आगीपासून संरक्षण ही गावाची कायदेशीर जबाबदारी आहे हे त्यातून स्पष्ट होतं.

इथं मला आपल्याकडे यायचं आहे. आपल्या राज्यघटनेत अग्निशमन सेवा बाराव्या अनुसूचीत आहे, म्हणजे नगरपालिका आणि महापालिकांच्या कामांच्या यादीत. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत ती नाही. घटनेच्या लेखी आग शहरात लागते! आपल्या खेड्यात उसाला आग लागते, लोंबकळणाऱ्या तारांच्या ठिणगीनं एकरच्या एकर फड उभे जळतात. कडब्याच्या गंजी पेटतात. कोकणात भाजावळीची आग हातची सुटते आणि आंबा-काजूच्या बागेत शिरते. बंब मागवायचा तर तालुक्याच्या नगरपालिकेचा, जवळ एमआयडीसी असेल तर तिचा, नाहीतर साखर कारखान्याचा. तो येईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

तोवर गावचे लोक काय करतात? हिरव्या डहाळ्या तोडून वणवा झोडपतात. ट्रॅक्टरला फवारणीचा एचटीपी पंप जोडून नेतात. पायात चपला, अंगात टेरिकॉटचा शर्ट. आपली बाग वाचवायला गेलेला शेतकरी होरपळून दगावल्याची बातमी अधूनमधून आतल्या पानावर चार ओळींत येते. त्याची चौकशी कुठलाही अधिकारी करत नाही. तो कुठं उभा होता, वारा कुठून होता, त्याला मागे बोलावणारं कुणी होतं का, हे प्रश्न त्याच्याबरोबरच जळून जातात.

आणि कायदा काय म्हणतो? १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचं कलम ७९ सांगतं की राखीव किंवा संरक्षित जंगलात ज्यांना चराईचे, लाकूडफाट्याचे वा इतर हक्क आहेत, त्यांनी वणव्याची खबर दिली पाहिजे आणि तो विझवायला मदत केली पाहिजे. कसूर केली तर शिक्षा आहे. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं आपण गावकऱ्याला आग विझवण्याची सक्ती केली आहे. त्याला बूट, प्रशिक्षण, विमा वा भरपाई देण्याचा एक शब्दही त्या कलमात नाही. न्यू साउथ वेल्सचा १९९७ चा ग्रामीण आग कायदा या कलमाशेजारी ठेवून वाचला की मला शरम वाटते. तिथल्या कायद्यानं स्वेच्छेनं येणाऱ्याला अधिकार आणि संरक्षण दिलं, आपण हक्क असणाऱ्यावर बोजा टाकला.

आपल्याकडे माल नाही असं नाही. वन विभाग हंगामात फायर वॉचर नेमतो, जाळरेषा काढतो, पालापाचोळा उडवणारे ब्लोअर वापरतो. २०१६ पासून राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘आपदा मित्र’ योजना आहे, तिच्यात प्रशिक्षण आहे, साहित्याचा संच आहे, विमाही आहे. एका फोनवर सगळ्या गावाला निरोप देणारी ग्रामसुरक्षा यंत्रणा अनेक गावांत चालू आहे. केंद्रानं २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी पाच हजार कोटींची योजना आणली. हे तुकडे एकमेकांना जोडणारं कुणी नाही. १९३९ मध्ये स्ट्रेटन यांनी जे पाहिलं तेच हे आहे.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. डोंगरालगतच्या चार-पाच गावांनी मिळून एक पथक करावं. त्यात पंधरा-वीस माणसं असावीत, बायाही असाव्यात, कारण दुपारी गावात त्याच असतात. त्यांची नावं तहसीलदारांकडे लेखी नोंदवावीत. बूट, सुती कपडे, हेल्मेट आणि पाण्याच्या टाकीसह ट्रॅक्टरवरचा पंप पंचायतींनी मिळून घ्यावा. या माणसांना ‘आपदा मित्र’चं प्रशिक्षण आणि विमा मिळावा यासाठी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे एकत्र अर्ज करावा. विमा उतरेपर्यंत पथकाला आगीवर पाठवू नये. हा आग्रह कुणाला कडक वाटेल, पण मी तो सोडणार नाही. कोण कुठल्या क्षणी मागे बोलावणार, हे पहिल्याच बैठकीत ठरवून लिहून ठेवावं. आणि आपल्या आमदारांना विचारावं की कलम ७९ मध्ये राज्यापुरती दुरुस्ती करून, आग विझवताना जखमी वा मृत होणाऱ्याला भरपाईचा हक्क देणारी दोन वाक्यं घालायला काय अडचण आहे.

सभागृहात आज काही सरपंच आणि पंचायत सदस्य बसलेले दिसतात. त्यांना सांगतो, हा विषय २६ जानेवारीच्या ग्रामसभेत घ्या. आपल्याकडे वन विभागाचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो. मधल्या तीन आठवड्यांत यादी, अर्ज आणि पहिली बैठक एवढं सहज उरकता येतं.